हवालदाराने आणलेली माणसं

शेजारच्या बिऱ्हाडात दिवाळीला नवी मोटार आली आणि संक्रांतीला नवं कुत्रं आलं. मोटारीचं कौतुक अजून चालूच होतं, तेवढ्यात कुत्र्याने खाली शिरून तिच्या दोन वायरी कुरतडल्या. परवा तर चाकामागे लोंबणारं, चिखल अडवायचं रबर त्याने ओढून काढलं आणि आमच्या पायरीवर आणून ठेवलं. शेजारी ते रबर हातात धरून तावातावाने आले. "आजी, सबंध गल्ली सोडून हा नेमका तुमच्याच पायरीवर कसा येतो?" मी काहीतरी बोलून हसले. सकाळची उरलेली पोळी मी त्याला देते, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. आता या वयात माझ्या खोडी काय जायच्या!

फाल्गुन लागला आहे. नगर शहरात सुगी आता गोणीत बसून येते. बाजाराकडे जाणारे ट्रक आमच्या रस्त्यावरून जातात आणि मागे ज्वारीच्या भुसाचा बारीक धुरळा ठेवून जातात. तो नाकात गेला की मला शिंका येतात, आणि शिंकांच्या मागोमाग ती एक सुगी येते. लढाईची वर्षं होती. मी सव्वीस वर्षांची होते आणि नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून दहा-बारा कोस पूर्वेला, एका कोरडवाहू गावात, मुलींच्या शाळेत एकटी मास्तरीण होते. गावाचं नाव सांगत नाही. ते माझ्या विद्यार्थिनींचं माहेर आहे आणि त्यातल्या काही जणी अजून मला पत्र लिहितात.

त्या काळी शाळांना सुगीची सुट्टी असे. ज्वारी काढायला आली की वर्गात मुली बसवून ठेवण्यात अर्थ नसायचा. त्यांचे हात शेतात हवे असत. तीन-चार आठवडे शाळेला कुलूप. सुट्टी म्हणजे घरी जायचं, हे ज्याला घर आहे त्याच्यासाठी ठीक आहे. माझे आईवडील साथीत एका आठवड्यात गेले तेव्हा मी रांगत होते. मिशनच्या बोर्डिंगात वाढले, तिथेच शिकले, तिथूनच ट्रेनिंगला गेले. बोर्डिंगातल्या माझ्या पलंगावर आता दुसरी मुलगी झोपत होती. म्हणून सुट्टी लागली तरी मी शाळेशेजारच्या माझ्या खोलीतच राहिले.

सुगीतलं गाव ज्याने पाहिलं नाही त्याला ते रिकामेपण सांगून कळायचं नाही. दिवस उगवायच्या आत बाया-बापड्या, पोरं, शेळ्या, पाण्याच्या घागरी, सगळं खळ्यावर नाहीतर शेतात. दाराला नुसत्या कड्या. गल्लीतून चाललं की आपल्याच पायांचा आवाज. लांबून पाखरं हाकलणाऱ्याची हाळी यायची, कुठे खळ्यावर मळणीच्या बैलांना दिलेली हाक यायची, आणि वारा फिरला की उफणणीचा भुसा थेट माझ्या माठावर येऊन बसायचा. ताज्या कडब्याचा गोडसर वास सगळ्या गावाला यायचा. मी शाळेचं घड्याळ नेमाने किल्ली देऊन चालू ठेवत असे. एकदा तर मी हजेरीपट काढून सगळी नावं मोठ्याने वाचली. कुणी 'हजर' म्हणणार नव्हतं हे माहीत होतं, तरी प्रत्येक नावानंतर थांबले. मग स्वतःचीच लाज वाटून हजेरीपट पेटीत ठेवून दिला.

गाव वाईट नव्हतं. लोक 'बाई, बाई' करत, मान देत. पहिल्या राशीतली ज्वारी सुपात घालून माझ्याकडे पोचती होई. पण ते सूप अंगणात टेकवलं जाई. आमचं घराणं तीन पिढ्यांमागे ख्रिस्ती झालेलं, आणि त्याच्या आधी आम्ही कोण होतो हे गावाला नीट ठाऊक होतं. बाप्तिस्म्याचं पाणी गावाच्या नजरेपर्यंत काही पोचलं नव्हतं. माझ्या माठातलं पाणी कुणी पीत नसे, आणि माझ्या उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकत नसे. याचा राग यायचे दिवस माझे बोर्डिंगातच संपले होते. मला फक्त फार एकटं वाटे. शाळा चालू असली की पोरींच्या कलकलाटात ते कळत नसे, आणि सुट्टी लागली की दुसरं काही कळतच नसे.

त्या सुट्टीत हवालदार आला. कुणाचाच नसलेला, मातकट रंगाचा, एक कान फाटलेला कुत्रा. ऐटीत गस्त घातल्यासारखा गावभर हिंडायचा म्हणून मी त्याला हे नाव दिलं आणि दोनच दिवसांत कळलं की हवालदार पक्का चोर आहे. गाव रिकामं, ओसरीवर माणूस नाही; त्याला रान मोकळं होतं. पहिल्या दिवशी त्याने कुणाचं तरी पायताण आणून माझ्या पायरीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहत शेपूट हलवत उभा राहिला. एकच. जोडीतलं दुसरं जागेवर. मला हसू आलं आणि मी त्याला अर्धी भाकरी टाकली. एवढं झालं, आणि माझी सुगी बदलली.

संध्याकाळी एका पायात पायताण आणि एक पाय अनवाणी अशा थाटात पाटलांचे चुलते माझ्या अंगणात आले. "बाई, आमचं खेटर इकडं आलंय म्हनं?" मी ते पुढे केलं. ते घालून जायचं की नाही! पण त्यांनी त्याची दातांनी कुरतडलेली टाच पाहिली, हवालदाराला शिव्या दिल्या, मग या साली ज्वारीचं कणीस कसं भरलंय ते सांगितलं, मग सून कशी कुचकी आहे तेही सांगितलं. अर्धा तास ते माझ्या अंगणात उभे होते. गेल्यावर मी किती तरी वेळ तिथेच बसून राहिले.

मग रोज काही ना काही. तेलतुपाचा वास लागलेली लाकडी पळी. मोट ओढणाऱ्या बैलाच्या गळ्यातला पट्टा. एकदा तर घुंगुरमाळच तोंडात धरून हा भरदुपारी गल्लीतून छुमछुम करत आला, आणि ओसाड गावात त्या आवाजाने कोंबड्या सैरावैरा पळाल्या. पायताणांना विटाळ नसे, त्यामुळे ती लोक माझ्या हातून घेत. पळी मात्र मी अंगणात ठेवली आणि कुलकर्णीवहिनींनी ती काठीच्या टोकाने उचलून नेली. नेता नेता त्याही बोलल्या. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. ते त्यांनी मला सांगितलं, काठीला पळी अडकवून, डोळे पुसत.

मी हवालदाराला ओरडत असे. लोकांसमोर. लोक गेले की भाकरी देत असे. पहिल्या आठवड्यानंतर तर मी त्याच्यासाठी भाकरी वेगळी काढून ठेवू लागले. हे मी स्पष्टच लिहिते, कारण पुढे काय झालं ते यावाचून कळायचं नाही. चोरी कुत्र्याची होती, पण धंदा माझा होता.

गावात मंगळवारी आणि शुक्रवारी मोटार येई. मोटार म्हणजे सर्व्हिसची बस. पेट्रोल लढाईला गेलेलं, म्हणून तिच्या पाठीमागे कोळशाची उंच टाकी बसवलेली आणि त्या धुराच्या गॅसवर ती खोकत चाले. सकाळी आमच्या गावावरून बेलापूरकडे जाई आणि दुपारी परते. सुगीत मोटारीची वाट पाहत रस्त्यावर कोण उभं राहणार? लोक बोचकं बांधून शेतातच कामाला लागत. ओढ्याच्या वळणावर ड्रायव्हर भोंग्याचा रबरी फुगा तीनदा दाबे, तो आवाज शिवारभर जाई, आणि मग ज्याला जायचं तो हातातला विळा टाकून रस्त्याकडे पळे. भोंगा वाजल्यापासून शाळेपुढे गाडी येईपर्यंत पळत यायला वेळ पुरे. सगळ्या गावाचं असंच ठरलेलं होतं.

ड्रायव्हर इस्माईलभाई. पस्तिशीचे, तोंडावर कोळशाची काजळी, बोलणं मऊ. एका मंगळवारी गाडीत पाणी भरायला ते शाळेपुढे थांबले असताना हवालदाराने त्यांच्या बॉनेटचा चामडी पट्टा पळवला. ते मागोमाग आले. मी पट्टा दिला आणि कुणालाही न विचारलेली गोष्ट त्यांना विचारली, "चहा घेता?" ते सहज "व्हय की, बाई" म्हणाले आणि पायरीवर बसले. गुळाचा चहा होता. त्यांनी तो फुंकून फुंकून घेतला, कप पालथा घातला आणि म्हणाले, "लई दिवसांनी कुनी बसा म्हनलं. गाडीवाल्याला समदे चला चला म्हनत्यात." मी तो कप दोन दिवस धुतला नाही. आता हसा हवं तर.

पुढच्या मंगळवारी, परतीच्या वेळी, हवालदार त्यांच्या भोंग्याचा फुगाच घेऊन आला. काळा, मऊ, कागदी लिंबाहून मोठा, एका बाजूला दातांच्या खुणा. गाडी अजून शाळेपुढे उभी होती. इस्माईलभाई आणि क्लीनर टाकीतले निखारे ढोसत होते. माझ्या दारापासून गाडी शंभर पावलं असेल. मी उठून नेऊन द्यायला हवा होता. मी फुगा पदराने पुसला, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

ते आले नाहीत. गॅसची गाडी एकदा सुरू झाली की तिला बंद पडू देत नाहीत. इंजिनाने अचानक जोर धरला आणि ते तसेच निघाले. भोंगा दाबायला हात गेला तेव्हा फुगा नाही हे त्यांना कळलं असेल. मी दारात आले तोवर गाडी धुळीत गेली होती. आता एकदम शुक्रवार. मी फुग्याला खोबरेल तेल लावलं आणि तो कोनाड्यात ठेवला, येशूच्या चित्राशेजारी. तीन दिवस घरात येता-जाता माझं तिकडे लक्ष जाई.

गुरुवारी ठकूबाई आली. माळ्याची ठकूबाई, विधवा, चाळिशीची. ओढ्यापलीकडे तिचा जमिनीचा तुकडा, आणि जगात म्हणाल तर एक लेक, सोना. तिला संगमनेरकडे दिलेली. ठकूबाईची वहाण हवालदाराने उचलली होती. अंगणात उभी राहून ती म्हणाली, "द्या बाई, लवकर द्या. उद्याच्याला मोटारीनं जायाचंय. सोना बाळतीन झाली, पोरगी झाली तिला. पर अंगात ताप हाय म्हनं. मोटारवाल्यानं सांगावा आनला मंगळवारी. आई आई करतीया."

"मग उद्या सकाळी इथेच येऊन बसा," मी म्हटलं.

"बसून कसं चालंल? करडई काढायची ऱ्हायलीया. ती पहाटंच्या दवातच काढावी लागती, उन्हात काटं हाताला लागत्यात. भोंगा वाजला की पळत येती की."

ती माझ्या अंगणात उभी होती आणि भोंग्याचा फुगा माझ्या पाठीमागे कोनाड्यात होता. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे की तेव्हा मला सुचलं नाही की मी सुचू दिलं नाही. मला वाटतं, एक क्षण सुचलं. मग मनात आलं, इस्माईलभाई सकाळी आधी इकडेच येतील, फुगा घेतील, चहा घेतील, आणि तोवर गाडी उभीच राहील. सगळ्यांचं जमेल. माणूस आपल्या सोयीचं असलं की किती नीट हिशेब मांडतो!

शुक्रवारी मी धुतलेलं पातळ नेसून दारात बसले. रस्त्यावर जाऊन फुगा हातात द्यायचा, एवढं साधं काम मी केलं नाही, कारण त्यांनी माझ्या दाराशी यावं असं मला हवं होतं. गाडी मुकाट्याने आली. इस्माईलभाईंनी खाली उतरून पान्याने पत्र्यावर ठोकलं, दोन हाळ्या दिल्या. वारा उलटा होता. इंजिन आचके देऊ लागलं, तेव्हा ते घाईने चढले आणि माझ्याकडे पाहून हाताने खूण केली, परतीला येतो म्हणून. गाडी गेली. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. दुपारी निवांत बसतील असं वाटलं.

थोड्या वेळाने ठकूबाई पळत आली. एका हातात बोचकं, दुसऱ्यात तसाच विळा, केसांत करडईची वाळकी पानं, धापा टाकत. रस्त्यावर लांब धुरळा अजून बसला नव्हता. तिने तो पाहिला आणि मला विचारलं, "बाई, ग्येली व्हय? भोंगा कसा न्हाई वाजला?"

मी म्हटलं, "बिघडला असेल."

पुढची मोटार मंगळवारी. गावातल्या झाडून सगळ्या बैलगाड्या खळ्यावर. तिने विळा माझ्या अंगणात ठेवला, "ऱ्हाऊ द्या हितं," म्हणाली, आणि वहाणा हातात घेऊन चालू लागली. वहाणा पायांत घातल्या की तिला भरभर चालता येत नसे. मी तिच्याकडे पाहत होते. मी हाक मारू शकले असते, पण हाक मारून सांगणार काय?

दुपारी इस्माईलभाई आले. पायरीवर बसले. मी फुगा आणून दिला. "कधी घावला?" त्यांनी विचारलं. "आजच. आजच आणून टाकला त्याने," मी म्हटलं. त्यांनी फुग्याचा वास घेतला, खोबरेल तेलाचा असणार, आणि माझ्याकडे पाहिलं. चहा मात्र सगळा प्यायले. त्यानंतर ते माझ्या पायरीवर कधी आले नाहीत.

ठकूबाई दोन दिवस चालत होती. कुठे बैलगाडी मिळाली, कुठे उसाच्या गाडीवर बसली. रविवारी सकाळी पोचली. सोना शनिवारी दिवस मावळताना गेली होती, शेवटपर्यंत आईला विचारत. मंगळवारच्या मोटारीने ही बातमी गावात आली. शुक्रवारी भोंगा का वाजला नाही हेही तेव्हाच सगळ्यांना कळलं, आणि खळ्याखळ्यांवर एकच गोष्ट बोलली जाऊ लागली. त्या कुत्र्यापायी. त्या हरामखोर कुत्र्यापायी मायलेकींची भेट चुकली. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट, बाई बिचारी त्याला किती ओरडायची, असंच बोलत होते.

गावाने ठरवलं आणि गावची राखण करणारा जागल्या दोरी घेऊन आला. हवालदार त्याच्या जवळ जाईना. जागल्या म्हणाला, "बाई, तुमच्या हातनं बांधून द्या, तुमचं ऐकतंय त्ये." हवालदाराच्या तोंडात त्या दिवशी लहान मुलाचं एक पायताण होतं. ते त्याने माझ्यापुढे ठेवलं आणि नेहमीसारखा वाट पाहत उभा राहिला. मी आत जाऊन भाकरी आणली. अर्धी नव्हे, सबंध. तो खात असताना मी त्याच्या गळ्यात दोरी बांधली. जागल्या त्याला ओढ्याकडे घेऊन गेला. मी दार लावून घेतलं, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि रडले.

त्यानंतर माझ्या अंगणात कुणी आलं नाही. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. सुगी सरत आली. कडब्याच्या गंजी लागल्या, राशी घरात गेल्या, गोफणी थांबल्या. दुपारी एवढी शांतता असे की शाळेच्या घड्याळाची टिकटिक खोलीत ऐकू येई. एक दिवस मी त्याला किल्ली दिली नाही.

सोनाचे दिवस घालून ठकूबाई परत आली ती एका दुपारी सरळ माझ्याकडेच आली. विळा न्यायला आली असेल म्हणून मी तो घेऊन बाहेर आले. ती अंगणात थांबली नाही. पायरी चढली, उंबरा ओलांडला आणि माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसली. माझ्या खोलीत गावातलं माणूस बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला विळा कुठे ठेवावा ते सुचेना.

"पानी द्या बाई," ती म्हणाली. मी माठातलं पाणी दिलं. ती ते घटाघटा प्यायली. "घर खायाला उठतंय. तुमी बी एकल्याच, म्या बी एकली. बसू द्या घडीभर."

मी चहा ठेवला. त्या वेळी कोनाड्यात फुगा नव्हता, तरी मी तिला थोडं सरकवून तिकडे पाठ करून बसवलं. ती बराच वेळ सोनाबद्दल बोलली. लहानपणी कशी करडईच्या फुलांनी हात रंगवून यायची. नात बाळसेदार आहे, पण ती त्या लोकांनी ठेवून घेतली. मग एकदम थांबून तिने दाराकडे पाहिलं.

"त्ये कुत्रं कुठं हाय?"

"नेलं गावाने," मी म्हटलं. "तुमच्यापायी."

ठकूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "आरं द्येवा! कशापायी मारलं? मुकं जनावर त्ये, त्याला काय कळतंय, बाई? कळत्या मानसानं केलं असतं, तर म्या जल्मात त्याच्या दाराला ग्येले नसते."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. तिने तो घेतला. दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशी आली. तीन वर्षांनी माझी बदली झाली, तोवर ती रोज आली. रोज सकाळी मी ठरवत असे, आज सांगायचं. आणि रोज दुपारी तिची चाहूल लागली की चहाचं आधण ठेवत असे.